वादळाचे नाव आणि आपल्या शिवारातील पाऊस

(परिसर अभ्यास व भूगोल : इयत्ता ४ थी ते ७ वी)

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस बंगालच्या उपसागरात एक चक्रीवादळ उद्भवले व २८ ऑक्टोबरच्या रात्री ते आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर काकिनाडा परिसरात धडकले. वर्तमानपत्रांत त्याचे नाव ‘मोंथा’ असे छापून आले. मंठा तालुक्यातील एखाद्या शाळेत त्या दिवसांत ‘गुरुजी, वादळाला आपल्या मंठ्याचे नाव कुणी दिले?’ असा प्रश्न निघाला असेल, तर त्यात नवल नाही. मुलांचा असा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. भूगोलाचा एक चांगला पाठ त्यातून आपोआप उभा राहतो, आणि तो पाठ केवळ परीक्षेपुरता नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, ‘मोंथा’ हा शब्द थायलंड देशाने सुचविलेला असून ते एका सुवासिक फुलाचे नाव आहे. मंठ्याशी त्याचे साम्य आहे ते केवळ उच्चाराचे. परंतु एवढ्याने मुलांचे समाधान होणार नाही. वादळ उठले आंध्राजवळ. मग थायलंडने नाव देण्याचे कारण काय? आणि वादळासारख्या निर्जीव वस्तूस नाव हवे तरी कशाला?

दुसरा प्रश्न आधी घ्यावा. पूर्वी वादळांची नोंद सन, तारीख, अक्षांश व रेखांश यांनीच होत असे. वेस्ट इंडीज बेटांत ज्या ख्रिस्ती संताच्या स्मरणदिनी वादळ येई, त्या संताच्या नावाने ते ओळखले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात क्लेमंट रॅग नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने वादळांस नावे देण्याचा क्रम सुरू केला. प्रारंभी त्याने ग्रीक अक्षरे व पुराणांतील नावे वापरली. पुढे मात्र न पटणाऱ्या राजकारणी पुरुषांची नावेही वादळांना देऊन टाकली! १९५३ पासून अमेरिकेत अटलांटिक महासागरावरील वादळांना स्त्रियांची नावे देऊ लागले. त्याविषयी रास्त तक्रार झाल्यावर १९७९ पासून पुरुषांची नावेही त्या यादीत आली. तेथे नावांच्या सहा याद्या असून त्या सहा वर्षांच्या चक्राने पुन्हा वापरल्या जातात. एखादे वादळ फार संहारक ठरले, तर त्याचे नाव कायमचे काढून टाकतात. २००५ च्या ‘कॅटरिना’चे असेच झाले. त्याच २००५ च्या हंगामात वादळे इतकी आली की, यादीतील एकवीसही नावे संपली आणि पुढच्या वादळांस ग्रीक अक्षरे लावावी लागली. २०२० मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. ग्रीक अक्षरांनी लोकांचा गोंधळच वाढतो असे दिसून आल्यावर २०२१ मध्ये ती प्रथा बंद करण्यात आली.

ह्या सर्व खटाटोपाचे कारण मुलांस वर्गातल्याच उदाहरणाने पटवून द्यावे. एकाच वर्गात दोन मुले एकाच वेळी रजेवर असली, तर शिक्षक ‘तिसऱ्या बाकावरचा, डावीकडून दुसरा’ असे म्हणत नाहीत, नाव घेतात. समुद्रात एकाच वेळी दोन वादळे असली, की मच्छीमारास, बंदरावरील अधिकाऱ्यास आणि आकाशवाणी ऐकणाऱ्या माणसास कोणती सूचना कोणत्या वादळाविषयी आहे, हे चटकन कळावे लागते. असा प्रसंग २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस आपल्याच अरबी समुद्रात आला. ‘क्यार’ व ‘महा’ अशी दोन चक्रीवादळे तेथे एकाच वेळी फिरत होती. त्याच सुमारास आपल्याकडे अवेळी पावसाने काढणीला आलेले सोयाबीन भिजून त्यास कोंब फुटले आणि वेचणीचा कापूस काळा पडला, ही आठवण पालकांच्या मनात ताजी असेल.

आता थायलंडचा प्रश्न. बंगालचा उपसागर व अरबी समुद्र ह्या दोहोंभोवतीच्या देशांचे एक मंडळ असून ते जागतिक हवामान संघटना व आशिया-पॅसिफिक आर्थिक व सामाजिक आयोग यांच्या विद्यमाने चालते. ओमानची राजधानी मस्कत येथे २००० साली भरलेल्या बैठकीत नावे देण्याची पद्धत तत्त्वतः मान्य झाली व २००४ पासून ती अंमलात आली. प्रारंभी आठ देशांनी प्रत्येकी आठ, अशी चौसष्ट नावे दिली. त्यांतील पहिले नाव २००४ चे ‘ओनिल’ व अखेरचे मे २०२० चे ‘अम्फान’. त्यापूर्वीच एप्रिल २०२० मध्ये नवी यादी तयार झाली होती. हिच्यात तेरा देश आहेत व प्रत्येकाची तेरा नावे. म्हणजे तेरा तेरे एकशे एकोणसत्तर. (तेराच्या पाढ्याचा इतका चांगला उपयोग क्वचितच सापडेल.) कोणत्या वादळास नाव द्यावयाचे हे दिल्ली येथील भारतीय हवामान विभागाचे केंद्र ठरविते, नाव मात्र यादीतून क्रमाने येते. देशांचा क्रम इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लावलेला आहे: बांगलादेश, भारत, इराण, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, कतार, सौदी अरेबिया, श्रीलंका, थायलंड, संयुक्त अरब अमिराती, येमेन. हजेरीपटावर जशी एकामागून एक नावे पुकारतात, तशीच ही रीत. येमेनचे नाव झाले की पुन्हा बांगलादेशापासून दुसरी फेरी सुरू होते. अटलांटिकप्रमाणे येथे नावांची पुनरावृत्ती होत नाही; एकदा वापरलेले नाव संपले.

फळ्यावर हे तेरा देश उभे मांडून पहिल्या फेरीतील नावे मुलांकडूनच भरून घ्यावीत. पहिले नाव ‘निसर्ग’. ते बांगलादेशाने दिलेले. हे वादळ ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले व त्याने कोकणातील नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या. पाचवे नाव म्यानमारचे ‘तौक्ते’, म्हणजे पालीच्या जातीचा एक प्राणी. हे मे २०२१ मध्ये कोकणकिनाऱ्यावरून गुजरातेकडे गेले. सातवे पाकिस्तानचे ‘गुलाब’, आठवे कतारचे ‘शाहीन’, म्हणजे बहिरी ससाणा. ह्या दोहोंकडे पुढे विशेष लक्ष द्यावयाचे आहे.

येथे एका गैरसमजाचा निरास केलाच पाहिजे. ‘पाकिस्तानने वादळ सोडले’ अशा वल्गना मोबाइलवरून फिरतात आणि मुले त्या शाळेत घेऊन येतात. ज्या देशाची पाळी, त्या देशाचे आधीच लिहून ठेवलेले नाव; त्यापलीकडे वादळाशी त्याचा काही संबंध नसतो. भारतानेही ‘गती’, ‘तेज’, ‘मुरसू’, ‘आग’, ‘व्योम’, ‘झर’, ‘प्रबाहो’, ‘नीर’, ‘प्रभंजन’, ‘घुर्णी’, ‘अंबुद’, ‘जलधि’ व ‘वेग’ अशी तेरा नावे दिलेली आहेत. भाषेच्या तासाला ही यादी अवश्य घ्यावी. प्रभंजन म्हणजे वारा, अंबुद म्हणजे पाणी देणारा तो मेघ, जलधि म्हणजे समुद्र. ‘मुरसू’ हा तमिळ शब्द असून त्याचा अर्थ नगारा. नाव लहान असावे, उच्चारास सोपे असावे, कोणाच्या धर्माला, राजकारणाला वा भावनेला दुखविणारे नसावे, असे नियम आहेत. मराठीतील कोणता शब्द ह्या कसोटीस उतरेल, असे विचारले, तर पाचवीचा वर्ग अर्धा तास सहज रंगतो.

इतका भाग मुलांस गोडीचा वाटतो आणि बहुतेक पाठ येथेच संपतात. वस्तुतः मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग ह्यापुढेच आहे.

वादळास नाव मिळते ते केव्हा? समुद्राचे पाणी तापले, की त्यावरील हवा वाफेसह वर चढते, खाली दाब कमी होतो व भोवतालची हवा तिकडे धाव घेते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ न जाता वळते व आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. ह्या फिरण्यावरूनच ‘सायक्लोन’ हा शब्द हेन्री पिडिंग्टन याने कलकत्त्यास असताना घडविला. सर्पाच्या वेटोळ्याची कल्पना त्यामागे होती. फिरणाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला, म्हणजेच चांगल्या रस्त्यावरील एसटी बसच्या वेगाइतका झाला, की त्या चक्रास नाव मिळते. त्याहून कमी वेग असेल तोवर ते बिननावाचे कमी दाबाचे क्षेत्र. ताशी ८९ किलोमीटरपासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र आणि २२२ पासून महाचक्रीवादळ, अशा पुढच्या पायऱ्या आहेत. ह्या पायऱ्यांत वाऱ्याचा वेग मोजला जातो. पाऊस कोठेच मोजला जात नाही. ही एकच गोष्ट शिक्षकाने दोनदा, तीनदा सांगावी.

‘गुलाब’ वादळाची हकीगत ह्या दृष्टीने वर्गात सविस्तर सांगण्यासारखी आहे. २५ सप्टेंबर २०२१ रोजी बंगालच्या उपसागरात त्यास हे नाव मिळाले. २६ तारखेच्या सायंकाळी ते आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढले. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ७५ ते ८५ किलोमीटर होता. म्हणजे वादळांच्या पंक्तीत हे अगदी खालच्या पायरीवरचे. जमिनीवर आल्यावर समुद्राच्या उष्ण पाण्याची शिदोरी तुटली, वारे मंदावले आणि दुसऱ्याच दिवशी ते चक्रीवादळ राहिले नाही. नाव गळून पडले. उरले ते एक कमी दाबाचे क्षेत्र, तेलंगणावरून पश्चिमेकडे, विदर्भ व मराठवाड्याच्या सीमाभागाकडे सरकणारे. कलिंगपट्टणमपासून मंठा सरळ रेषेत सुमारे आठशे किलोमीटर दूर आहे. इतक्या अंतरावरच्या, शिवाय विरून गेलेल्या वादळाची भीती कोणास वाटावी?

परंतु वारा मंदावला म्हणून वाफ कोठे जाणार? २७ व २८ सप्टेंबर ह्या दोन दिवसांत जालना जिल्ह्यासह मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांस पावसाने झोडपले. मांजरा व तेरणा ह्या नद्यांनी पात्र सोडले. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. बीड, लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांत पाण्याने वेढलेल्या माणसांच्या सुटकेसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलास पाचारण करावे लागले, हेलिकॉप्टरही आले. खरिपाची उभी पिके पाण्याखाली गेली. २८ तारखेस यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी बस पुलावरून पाणी वाहत असताना नाल्यात वाहून गेली आणि प्रवाशांचे प्राण गेले. ध्यानात ठेवावयाचे ते हे की, त्या दिवशी सबंध महाराष्ट्रात नाव असलेले एकही वादळ नव्हते.

ह्या कथेचा पुढचा भागही मुलांस आवडेल. ते कमी दाबाचे क्षेत्र तसेच पश्चिमेकडे सरकत गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले. तेथे त्यास पुन्हा उष्ण पाणी मिळाले, ते पुन्हा माजले आणि १ ऑक्टोबरला पुन्हा चक्रीवादळ झाले. आधीचे नाव संपलेले असल्याने यादीतील पुढचे, कतारचे ‘शाहीन’ हे नाव त्यास देण्यात आले. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर धडकले व तेथेही मोठी हानी झाली. एका समुद्रातील गुलाब दुसऱ्या समुद्रात जाऊन ससाणा झाला. ह्या दोन नावांच्या मधल्या बिननावाच्या दिवसांत मराठवाडा बुडाला.

ह्यासाठी भारताचा मोठा नकाशा भिंतीवर लावून एक दोरा घ्यावा. कलिंगपट्टणमपासून तो तेलंगणा, विदर्भ-मराठवाड्याची सीमा, खंबातचे आखात अशा क्रमाने टाचण्यांभोवती फिरवीत ओमानपर्यंत न्यावा. समुद्रावरील दोरा लाल व जमिनीवरील पांढरा ठेवला, तर नाव कोठे होते व कोठे नव्हते, हे एका दृष्टिक्षेपात दिसते. नकाशाच्या प्रमाणावरून अंतर मोजून काढावयास लावावे. पूर्वेचा समुद्र आपणापासून आठशे किलोमीटर व पश्चिमेचा साडेतीनशेहून अधिक, तरीही दोन्हींचे पाणी आपल्या शिवारात पडते, हे मुलांच्या ध्यानी येईल. वादळाला दोन वेग असतात, हेही ह्याच वेळी सांगावे: एक, त्यातील वारा फिरण्याचा, दुसरा, ते वादळ पुढे सरकण्याचा. दुसरा बहुधा सायकलीच्या वेगाहून फारसा अधिक नसतो. म्हणूनच किनाऱ्यावरील वार्ता ऐकल्यापासून तयारीसाठी आपणास एक-दीड दिवस मिळतो.

चक्र कसे फिरते हे दाखविण्यास परात, पाणी व झेंडूच्या पाकळ्या पुरेत. पाणी बोटाने उलट दिशेने ढवळून बोट काढून घ्यावे. कडेच्या पाकळ्या फिरत राहतील, मधली जवळजवळ स्थिर दिसेल. मुले येथे हमखास उन्हाळ्यातील वावटळीची आठवण काढतात. वावटळ तापलेल्या जमिनीवर क्षणभर उठते व तिच्यात पाणी नसते. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद, समुद्रावर पोसलेले. दिसावयास सारखी असली तरी ही दोन नात्याची नव्हेत, हे स्पष्ट करावे.

पावसाचे मोजमाप हा मात्र ह्या पाठाचा गाभा समजावा. महसुली नोंदीत चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला, की ती अतिवृष्टी. ‘पासष्ट मिलिमीटर’ हा आकडा मुलांस काहीच सांगत नाही; चार बोटे पाणी, एवढेच त्यांना वाटते. तेव्हा गणित करावयास द्यावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. वर्गाचे छप्पर आठ मीटर लांब व सहा मीटर रुंद धरले, तर ६५ मिलिमीटर पावसात त्यावर ३,१२० लिटर पाणी पडते. एक हेक्टर शेतावर साडेसहा लाख लिटर. आणि एक हजार हेक्टरांच्या शिवारावर पासष्ट कोटी लिटर! त्यातले काही जमीन पिते. परंतु सप्टेंबर अखेरीस काळी माती आधीच भरलेली असते, मग उरलेले सारे गावच्या एकाच ओढ्याला जाऊन मिळते. आपल्या तालुक्याच्या उत्तरेकडील ओढे पूर्णेला मिळतात व ते पाणी पुढे येलदरीच्या जलाशयात जाते, हेही सांगावे. पर्जन्यमापक नसेल, तर सरळ बाजूंचे, सपाट तळाचे कोणतेही भांडे व पट्टी यांवर काम भागते. भांडे झाडाखाली वा वळचणीला ठेवू नये, एवढी काळजी घ्यावी. सहावीच्या दोन मुलांकडे रोजची नोंद सोपविली, की ती नोंद पावसाळाभर चुकत नाही, असा अनुभव आहे.

ह्यानंतर हवामान विभागाच्या सूचना वाचावयास शिकवावे. हिरवा रंग म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. ह्या सूचना जिल्हावार निघतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी-हवामान सल्लाही गावात पोहोचत असतो. मुलांनी व शिक्षकांनी पाहावयाचे ते आपल्या जिल्ह्यासमोरचा रंग व पावसाचा अंदाज. वादळाचे नाव बातमीतून नाहीसे झाले, ‘वादळ शमले’ असा मथळा आला, म्हणून रंग पाहणे सोडू नये. ६४.५ मिलिमीटरच्या पुढे ‘जोरदार’, ११५.६ च्या पुढे ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस, असे त्या विभागाचे मोजमाप आहे. वर केलेले गणित ज्यांनी सोडविले, त्यांस ह्या शब्दांतील भेद सांगावा लागत नाही.

२०२१ च्या त्या दोन दिवसांत ग्रामीण भागातील प्राथमिक वर्ग कोविडच्या साथीमुळे बंद होते. पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबरला उघडले व लहान मुलांचे त्यानंतर. म्हणून मुले घरी होती; ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून कोणी दप्तर घेऊन निघालेले नव्हते. पुढील वेळी शाळा भरलेली असेल. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून आलेले मूल सायंकाळी परतते, तेव्हा वरच्या शिवारातील पाणी खाली उतरलेले असते. आपल्या गावात थेंबही नसता ओढा चढू शकतो. गढूळ, वेगाने वाहणारे पाणी गुडघ्याच्याही खाली असले, तरी मोठ्या माणसाचा तोल जातो. खालचा फरशीपूल शाबूत आहे की वाहून गेला, हे तर वरून दिसतच नाही.

तेव्हा जून महिन्यातच प्रत्येक शाळेने एक यादी करावी: कोणती मुले कोणत्या ओढ्यापलीकडून येतात, त्यांच्या घरचा दूरध्वनी कोणता, पाणी चढल्यास गावात अलीकडे कोणाच्या घरी ती रात्रभर राहू शकतील. ह्या शेवटच्या रकान्यासाठी पालकसभेत त्या त्या घरच्या मंडळींची संमती आधीच घेऊन ठेवावी; ऐन पावसात घर शोधीत फिरणे होत नाही. फरशीपुलाच्या कठड्यावर किंवा जवळच्या दगडावर ग्रामपंचायतीकडून पांढऱ्या रंगाची एक ठळक रेघ मारून घ्यावी. पाणी रेघेस लागले की पलीकडची मुले सोडावयाची नाहीत, हा निर्णय मुख्याध्यापकांनी आधीच घेतलेला व पालकांस कळविलेला असावा. नारिंगी वा लाल रंगाच्या दिवशी शाळा सुटण्यापूर्वी एका शिक्षकाने स्वतः जाऊन ती रेघ पाहून यावी. यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपाखाली न ठेवता वर्गाच्या दाराच्या आतील बाजूस चिकटवावी.